गुडघ्याचा नवस

माझ्या उजव्या गुडघ्यावर दोन डाग आहेत. वाटीच्या खाली, एक या अंगाला, एक त्या अंगाला, मसुराच्या दाण्याएवढे. चांगला उजेड असला तरच दिसतात. एवढ्याशा दोन भोकांतून डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यात डोकावून पाहिलं, आत फाटलेलं होतं ते कापून काढलं आणि वर सगळं धुऊनही दिलं. गासपासून नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत असलं ऑपरेशन झालेली मी पहिलीच बाई. आयुष्यात कशात तरी पहिली आले, ती यात.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. माझं माहेर विरार पूर्वेला चंदनसारचं, भातशेतीचं. सासर गासचं, बागायती. भाताच्या शेतात चार महिने कंबर मोडते आणि मग माणूस सरळ उभं राहतं. बागायतीत कंबर, मान, गुडघे सगळं बारा महिने थोडं थोडं मोडत राहतं. हा फरक लग्न ठरवताना मला कुणी सांगितला नाही. वाडीत केळी होत्या, कडेने मोगरा होता, आणि मागच्या अंगाला पानवेल होती, म्हणजे खायच्या पानांचा मळा. ती सासूबाईंचा जीव की प्राण.

पानवेलीचे नियम देवळापेक्षा कडक. आंघोळ केल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. चप्पल तर मुळीच नाही. काहीही न धुतलेलं आत न्यायचं नाही, अगदी टोपलीसुद्धा. विटाळशीने कुंपणाजवळही फिरकायचं नाही. मला ते चार दिवस म्हणजे सरकारी सुट्टी वाटायची. आत कायम सावली, कायम ओल. अंगठ्याला पत्र्याचं नख लावून पानं खुडायची, मग वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून लहानमोठी निवडायची, चळती लावायच्या. वर्षातून एकदा वाढलेली वेल खाली उतरवून, गुंडाळून बुंध्याशी मातीत पुरायची. हे सगळं उकिडवं. घरात आलं की भांडी उकिडवी, धुणं उकिडवं, केर उकिडवा. बाईच्या जातीला उभं राहायला दिलंय ते फक्त पाणी भरायला, असं मी एकदा म्हटलं होतं. सासूबाईंना त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलाने आलं आणि गेलंच नाही. पहिल्या वर्षी फक्त उठताना कळ यायची. दुसऱ्या वर्षी बसतानाही यायला लागली. तिसऱ्या वर्षी गुडघा मध्येच अडकायचा. पाय वाकलेला असला की वाकलेलाच राहायचा, मग दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरळ करायचा, आत काहीतरी टक् करून सुटायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. घरात सांगणं मी सोडून दिलं होतं. रोज मरे त्याला कोण रडे. आणि सांगणार कुणाला? सासूबाईंना? त्यांचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला असे वाकले होते की त्या उभ्या राहिल्या तर मधून कोंबडी पळून गेली असती. चाळीस वर्षं त्यांनी ती वेल उकिडवं बसून सांभाळली होती. गुडघ्याबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं.

"गुडगे सगल्यांनाच हायत गो."

उपाय सगळे झाले. निर्गुडीचा पाला उकळून शेकलं, एरंडाची पानं तेल लावून बांधली, लसणाचं तेल चोळून घेतलं, त्या वासाने मुलं जवळ येईनात. सोपाऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यात सुई दिली तेव्हा दोन महिने बरे गेले, तिसऱ्या महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. फोटो काढला. फोटोत हाड अगदी ठीक आहे म्हणाले. हे ऐकून मी बाहेर येऊन रडले. इतकं दुखत असताना आत काही मोडलेलंही नसावं, याचा मला अपमान वाटला.

आमचे हे मुंबईत नोकरीला. त्यांच्या कचेरीत कुणाच्या तरी मेहुण्याचा गुडघा फुटबॉल खेळताना गेला होता आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनने महिन्याभरात बरा झाला होता. मेहुणा बावीस वर्षांचा होता. पण दुखणाऱ्या माणसाला आणि त्याच्या नवऱ्याला असल्या गोष्टी ऐकू येत नाहीत. आम्ही दोघं मुंबईच्या एका इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने गुडघा वाकवला, पिरगाळला, मी किंचाळले तेव्हा समाधानाने मान हलवली. "दोन हाडांच्या मध्ये गादी असते, ती फाटलीय," म्हणाला. "दुर्बीण घालून बघू आणि फाटलेला भाग काढून टाकू. मोठं कापायचं नाही. दोन भोकं."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "दुर्बिनीतनं बघायचं तर लांबनं बघा म्हनावं. भोकं कशाला पाडता?"

तरीही तारीख ठरली. मी इस्पितळात जायला निघाले त्या सकाळी सासूबाई देवापुढे बराच वेळ काहीतरी पुटपुटत उभ्या होत्या. त्या पानांना पाणी घालताना पण पुटपुटतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ऑपरेशनचं मला फार काही सांगता येणार नाही, कारण मी तिथे अर्धीच होते. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं आणि मध्ये हिरवा पडदा लावला. पडद्यापलीकडून पाणी वाहायचा आवाज येत होता. गुडघ्यात नळीने पाणी सोडतात, ते बाहेर बादलीत पडतं, हे मला नंतर नर्सने सांगितलं. तेव्हा मात्र मला सारखं वाटत होतं, कुणीतरी पाट फोडलाय, नको तो वाफा भिजतोय, आणि मी इथे आडवी पडलेय. मी दोनदा तसं बोललेही म्हणे. डॉक्टर हसला म्हणे.

संध्याकाळी तो खाटेजवळ आला आणि दोन गोष्टी सांगून गेला. पहिली ही, की गादीचा फाटका तुकडा काढला आणि आत स्वच्छ धुतलं. दुसरी अशी: "पण हाडांवर गुळगुळीत अस्तर असतं, ते तुमचं बरंच झिजलंय. झिजलेलं मला नवं घालता येत नाही. उकिडवं बसणं बंद करा. स्टूल घ्या." हे मान डोलावत होते, मीही डोलावत होते. पहिली गोष्ट आम्ही घरी नेली. दुसरी तिथेच खाटेखाली राहिली. हे म्हणतात त्यांना ती ऐकूच आली नाही, आणि मी त्यांना खोटं पाडणार नाही. उकिडवं बसणं बंद करा हे वाक्य ठेवायला आमच्या घरात जागाच नव्हती.

वाडीतल्या बायका बघायला आल्या. कुणी शहाळी आणली, कुणी बिस्किटं. पट्टी सुटली तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. दोन टाके. "एवढंच?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, तिच्या मुलीला विळा लागला होता तो याहून मोठा होता. सासूबाई खाली वाकून त्या दोन टाक्यांकडे खूप वेळ बघत राहिल्या. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. जखम हातभर असती तर मला महिनोन् महिने कण्हता आलं असतं. एवढ्याशा भोकांवर किती दिवस कण्हणार?

सहा आठवडे मला वेलीत जायची मनाई होती. जखम ओली असताना आत जायचं नाही हा सासूबाईंचा नियम, आणि पाय जपायचा हा डॉक्टरचा. ते सहा आठवडे माझं काम सासूबाईंनी केलं. मी मागच्या पडवीत खाटेवर पाय लांब करून बसायचे आणि कुंपणाच्या फटींतून मला त्या दिसायच्या. एकदा बसल्या की पुन्हा उठावं लागू नये म्हणून त्या बसल्या बसल्याच वाफ्यावरून सरकत जायच्या. डावा हात मातीत रोवायचा, अंग ओढायचं, टोपली ओढायची, पानं खुडायची. पुन्हा हात, पुन्हा अंग, पुन्हा टोपली. शेवटी कुंपणाच्या खांबाला धरून उभ्या राहायच्या त्याला इतका वेळ लागायचा की मी मान फिरवून घ्यायचे. मला दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. आराम करणाऱ्या माणसाला असं बघायला लावू नये.

रोज संध्याकाळी त्या खाटेजवळ येऊन विचारायच्या, "कसा हाय?"

"बरा आहे," मी सांगायचे. तेव्हा ते खरंही होतं. काम नसलं की कुणाचाही गुडघा बरा असतो.

सातव्या आठवड्यात मी आंघोळ करून अनवाणी वेलीत गेले. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी पानं निवडायला उकिडवी बसले आणि उठताना तीच कळ आली, त्याच जागी, आपलं घर सोडून ती कुठे गेलीच नव्हती. अडकायचं मात्र थांबलं होतं, खोटं का बोला. टक् व्हायचं नाही. पण दुखायचं ते तसंच, आणि आठवड्याभरात तर जिन्याची पायरीसुद्धा नको वाटायला लागली.

अशाच एका संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "कसा हाय?"

त्यांच्या नखांत वाफ्याची माती होती. तळहाताला, रोज मातीत रोवून रोवून, घट्टा पडला होता. मी म्हटलं, "बरा आहे."

त्या आत गेल्या, देवापुढे दिवा लावला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मग आता देवीचं फेडायला पायजे."

त्या सकाळच्या पुटपुटण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यांनी विरारच्या डोंगरावरच्या जीवदानीला नवस बोलला होता. लोक नारळ बोलतात, साडी बोलतात. या बाईने पायऱ्या बोलल्या होत्या. सुनेचा गुडघा बरा कर, मी पायाने डोंगर चढून तुझी ओटी भरीन आणि माझ्या वेलीच्या पानांचा विडा ठेवीन. गुडघ्यासाठी गुडघेच गहाण टाकले होते, तेही असले.

"मी जाते ना," मी म्हटलं. "तुम्ही कशाला?"

"बोललं कोन? मी. मग चडनार कोन?"

हे म्हणाले, डोली मिळते. सासूबाई म्हणाल्या, "मला खांद्यावर न्यायचा दिवस येईल तवा ने." आईपुढे ते नेहमीच वेळेवर गप्प बसतात.

मार्गशीर्षातला दिवस ठरला. तोवर महिना होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला वेगळाच आवाज ऐकू यायला लागला. आमच्या ओट्याला चार पायऱ्या होत्या. सासूबाई आंघोळीच्या आधी त्या चढायच्या आणि उतरायच्या. पाऊल टेकल्याचा आवाज, मग मांडीवर हाताची थाप, मग एक मोठा श्वास. पुन्हा पाऊल, थाप, श्वास. वीस वेळा, कधी पंचवीस. मी अंथरुणात पडून ऐकायचे. माझ्या एका शब्दावर ती थाप वाजत होती.

न झालेल्या कामाचा नवस फेडायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुडघा बरा नाही, एवढं मी म्हटलं असतं की त्या सुटल्या असत्या. रोज ठरवायचे की आज सांगायचं. मग त्या वाफ्यावरून सरकतानाचे ते सहा आठवडे आठवायचे. ते सगळं फुकट गेलं हे कोणत्या तोंडाने सांगू? ह्यांनी रजा काढल्या, कुणाकुणाच्या ओळखी लावल्या, बायका शहाळी घेऊन आल्या. इतक्या माणसांनी मिळून बरा केलेला गुडघा मी एकटी कसा बिघडवू? मला लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर मी इतकी थकले होते की खोटं चालू ठेवणं मला खरं सांगण्यापेक्षा कमी कष्टाचं वाटत होतं.

शेवटी तो दिवस आला. आम्ही दोघीच निघालो. सासूबाईंनी पहाटे न्हाऊन वेलीतली निवडक पानं खुडली होती, ती ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली होती. दर्शन होईपर्यंत त्यांना उपास, पाणीसुद्धा नाही. नालासोपाऱ्याहून एक स्टेशन, मग विरारला टांगा. डोंगराच्या पायथ्याशी, फुलपाड्याच्या बाजूला, तेव्हा घरं थोडी आणि झाडं जास्त होती. लहानपणी चंदनसारहून आम्ही मुली हा डोंगर पैजा लावून धावत चढायचो. पायऱ्या किती, असं कुणाला विचारलं तर ज्याने त्याने आपापल्या दमाप्रमाणे आकडा सांगायचा. माझा आकडा सगळ्यांत लहान असायचा.

पायथ्याशी सासूबाईंनी चपला काढल्या, पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढायला लागल्या. एक पाय वर, हात गुडघ्यावर, दुसरा पाय त्याच पायरीवर. मग पुढची. मी मागे. मला वाटलं होतं की पहिल्या वीस पायऱ्यांतच त्या थांबतील, पण ओट्याच्या सरावाचा उपयोग झाला होता. पन्नास झाल्या, साठ झाल्या. माझा गुडघा दर पायरीला बोलत होता. मी ओठ चावून चालत होते. वरून उतरणारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती आणि कौतुकाने बघत होती.

शंभर-सव्वाशे पायऱ्या झाल्या असतील. एका वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानेच दूर सारली. वर बघितलं. वर अजून डोंगरच्या डोंगर होता. मग त्यांनी डावा पाय पुढच्या पायरीवर ठेवला आणि तो पाय थरथरायला लागला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, पायाने आपली आपण समजूत घालून शांत व्हावं म्हणून वाट बघत राहिल्या.

"आई, बसा," मी म्हटलं. "वर जायचं नाही."

"दमलीस तू?"

"माझा गुडघा बरा नाही. झालाच नाही. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

त्या पायरीवर बसल्या. चढणाऱ्यांना वाट हवी म्हणून पदर आवरून घेतला. पिशवी मांडीवर ठेवली.

"कवापास्नं?"

"वेलीत परत आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"तितंच दुकतं?"

"तिथंच."

"तसंच?"

"तसंच. फक्त अडकत नाही."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी मोकळी झाले असते. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे नवस लागू होत नाही, आई. तुम्हाला चढायला नको." त्यांना काहीतरी देत असल्यासारखं मी ते म्हटलं. लाज वाटते आठवलं की.

मग त्या म्हणाल्या, "पोराला सांगितलं व्हतं मी. संक्रांत जाली की त्या डाक्टरला इचार म्हनून."

"काय विचारायचं?"

"माज्या गुडग्यांचं."

त्या समोर झाडांकडे बघत बोलत होत्या. "तुजा बरा जाला तर माजापन व्हईल, असं धरून व्हते. दोनच तर भोकं. दुसऱ्या कुनाला बोलले नाय, या वयात म्हातारीला नाचायचंय का म्हनतील. ओट्यावर चडून बगत व्हते, पायात काय ताकद हाय का. नायतर डाक्टर म्हनला असता, हिच्यात उरलंय काय."

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. रोज संध्याकाळी "कसा हाय" म्हणून खाटेजवळ यायच्या, त्या दोन टाक्यांकडे वाकून बघत राहायच्या, ते नुसतं माझ्या गुडघ्याचं विचारणं नव्हतं. आणि मी रोज "बरा आहे" सांगून त्यांच्या गुडघ्यांना आशा लावत होते. मला तिथेच पायरीवर रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं.

मग डॉक्टरचं ते दुसरं वाक्य, खाटेखाली राहिलेलं, मी त्यांना सांगितलं. फाटलेलं तो काढतो, पण झिजलेलं त्याला नवं घालता येत नाही. आणि उकिडवं बसायचं नाही, स्टूल घ्यायचं, असंही म्हणाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्या दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवले.

"माजं तर सगलं झिजलेलंच," म्हणाल्या. "मग सरलं."

एक नवीन लग्न झालेलं जोडपं वर चाललं होतं. सासूबाईंनी त्यातल्या मुलीला थांबवलं, पिशवीतून ओटीचं सामान आणि पानांचं ओलं फडकं काढून तिच्या हातात दिलं. "वर ठेव गो पोरी. नवसाचं नाय म्हनावं देवीला. असंच." मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट. गुडघा ज्याचा दुखतो त्यालाच हे माहीत असतं. आम्ही आडव्या होऊन एकेक पायरी उतरलो, त्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझा कठड्यावर. चढणाऱ्या एका बाईने विचारलं, "दर्शन झालं का, आजी?" "जालं," सासूबाई म्हणाल्या. टांग्यात बसल्यावर त्यांनी पाणी मागून घेतलं आणि सगळी बाटली प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी जागी झाले आणि पडून राहिले. ओट्याच्या पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही. थाप वाजली नाही. मी उगाच बराच वेळ वाट बघितली.

मग उठून आंघोळ केली आणि वेलीत गेले. सासूबाई माझ्या आधीच आत होत्या, नेहमीच्या वाफ्यावर बसून पानं खुडत होत्या. माझ्या बाजूच्या वाफ्याशी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल ठेवलं होतं. त्याचे चारही पाय घासून धुतलेले होते, अजून ओले होते. एकच स्टूल होतं घरात.

"हे तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"माजं सरलंय गो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुजं अजून वाचंल."

मी स्टुलावर बसले आणि पानं निवडायला घेतली. त्यांनी डावा हात मातीत रोवला आणि वाफ्यावरून पुढे सरकल्या.